रिकाम्या होडीचा वाटा

ग्रीसमधल्या आमच्या बेटावर डॉल्फिनला कोणी शिव्या देत नाही, अपशकुन मानतात. पण जाळं फाडून मासळी पळवणाऱ्याचं करायचं काय? म्हणून संशोधन करणारी अर्गिरो शिट्ट्या घेऊन आली तेव्हा आम्ही तिला जागा करून दिली. मुठीत मावतील एवढ्या शिट्ट्या, जाळ्याला बांधायच्या. पाण्याखाली वाजतात, डॉल्फिन लांब राहतात. संशोधनाचा खर्च ब्रुसेल्सचा, म्हणजे साऱ्या युरोपच्या करातला, म्हणून प्रत्येक शिट्टीवर निळी पट्टी आणि चांदण्या. निम्म्या होड्यांना शिट्टी, निम्म्यांना नाही. शिट्टीनं फरक पडतो का ते बघायला संध्याकाळी धक्क्यावर अर्गिरो सगळ्यांची मासळी तोलायची.

मला शिट्टी मिळाली. म्हाताऱ्या पांदेलिसला नाही.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी ती कॉफीच्या दुकानात येऊन बसली आणि कपाला हातही लावला नाही.

"संपलं, काका," ती मला म्हणाली. "शिट्टीवाल्यांची मासळी आणि बाकीच्यांची, सारखीच. हे कळवलं की पुढचा पैसा बंद. मी परत वोलोसला, आईच्या घरी."

"असं कसं? माझं जाळं तर शाबूत आहे."

"मग मासळी जास्त का नाही?"

पांदेलिस शेजारच्या टेबलावर सोंगट्या खेळत होता. मान न वळवता म्हणाला, "जास्त कशी असेल? वाटून घेतो ना आम्ही."

"काय वाटून घेता?"

"मासे, पोरी. दुसरं काय, बायका?"

दुकान हसलं. ती हसली नाही. मग मी तिला सांगितलं. बंदरात शिरण्याआधी होड्या भूशिराच्या आड थांबतात. ज्याचं जाळं रिकामं, त्याच्या होडीत बाकीचे आपापल्या टोपलीतले मासे ओततात. धक्क्यावर घरची माणसं वाट बघत असतात. त्यांच्यासमोर कोणाची होडी रिकामी येऊ नये. हे आमच्या आजोबांच्याही आधीपासूनचं. त्यात सांगण्यासारखं काही आहे असं आम्हाला कधी वाटलंच नाही.

अर्गिरोनं डोकं धरलं. "म्हणजे मी धक्क्यावर भलतंच तोलत होते."

दुकानवाला फोटिस म्हणाला, "सोपं आहे. यंदा वाटप बंद ठेवा."

पांदेलिसच्या हातातली सोंगटी हातातच राहिली.

"वाटप बंद नाही करायचं," अर्गिरो म्हणाली. "आधी तोलायचं, मग वाटायचं. काटा घेऊन मीच भूशिराआड येईन. होडीवाल्यांनी येऊ दिलं तर."

"आणि जुने आकडे?" फोटिसनं विचारलं.

"गेले. झालं ते तसंच कळवणार."

"वेडी आहेस. थोडे इकडचे तिकडे कर. ब्रुसेल्सवाले काय डॉल्फिनला विचारायला येणार आहेत?"

"लोकांच्या करातला पैसा आहे, फोटिस. तुझ्यासुद्धा."

"मी कर भरतो असं तुला कोण म्हणालं?"

तिनं कळवलं. महिन्याभरानं उत्तर आलं. काम थांबवायचं नाही, मुदत वाढवून दिली होती. जादा पैसा मात्र नाही. आहे त्यातच भागवायचं. तिनं हिशेब केला. शिट्ट्या आणि बोटीचं तेल यांना पुरत होतं, तिच्या पगाराला नाही.

"थांबणार का मग?" मी विचारलं.

"बघते, काका," म्हणाली. रात्री खोलीवर तिनं पेटी भरायला घेतली, असं घरमालकीण सांगत होती.

सकाळी तिच्या दारात टोपली होती. लाल बारबूण मासे, वर ओलं गोणपाट. ती टोपली उचलून तशीच धक्क्यावर आली. आम्ही जाळी आवरत होतो.

"हे कोणी ठेवलं? मी मागितले नव्हते."

पांदेलिस गाठ मारत राहिला. "रिकाम्या होडीवाला मागतो थोडाच," तो म्हणाला. "ने घरी, तळून खा."

मग टोपली माझ्या होडीत ठेवून ती म्हणाली, "वाटण्याआधी तोललं होतं का?"

कोणीच तोललं नव्हतं.

"बघा," ती म्हणाली आणि काटा आणायला गेली.