आबांची सही

तीन वाजता पाचोऱ्याला तहसील कचेरीत उमेदवारी अर्जांची मुदत संपणार, आणि मी सकाळपासून सूचकाच्या सहीसाठी दारोदार! साल पंच्याण्णव. पंचायतीत बायांच्या जागा राखीव झाल्या तेव्हाच ठरवलं होतं, उभं राहायचं. पण आमचे आबा, म्हणजे माझे सासरे, वीस वर्षं पारावर बसून पंचायत बिनविरोध करत आलेले. या खेपेलाही सगळी नावं ठरवून मोकळे. त्यांच्या शब्दाबाहेर जाऊन माझ्या अर्जावर सही करायची कुणाची छाती?

आणि हेच आबा पंचावन्न साली गोव्याच्या सत्याग्रहात पोर्तुगालच्या हुकूमशाहीविरुद्ध तुरुंगात गेलेले! माफीनाम्यावर सही केली नाही म्हणून उजव्या हाताचं बोट मोडून घेतलेले. लोका सांगे ब्रह्मज्ञान!

चिडून घरी आले, तर आबा हातात पाकीट घेऊन बसलेले. पोर्तुगालचं.

"इंग्रजी शे. तूच वाच."

मी बारावी झालेली. अडखळत वाचू लागले. लिहिणारा त्याच तुरुंगातला शिपाई.

"तुमचं नाव-गाव नोंदवहीत मीच लिहिलं, बोटही मीच मोडलं. माफ करा. चौऱ्याहत्तर साली आमची हुकूमशाही पडली. लोक रस्त्यावर नाचले, मीही नाचलो. निवडणुका आधीही व्हायच्या, पण नावं वरून ठरलेली. दुसरं कुणी उभंच राहायचं नाही. त्याला आम्ही शांतता म्हणायचो. आता आमच्या गावात पाच-पाच जण भांडतात. माझी मुलगी उभी राहिली, साफ पडली. तरी आम्ही गावजेवण घातलं!"

"नावं वरून ठरलेली" म्हणताना आवाज मी मुद्दाम चढवला. खोटं कशाला बोलू?

आबा बोट चोळत राहिले. "ते 'शांतता म्हणायचो' परत वाच."

वाचलं.

"प्रमिला, तुना अर्ज आन."

मी अर्ज पुढे केला. फाडतात की काय! आबांनी चष्मा लावला, वाकड्या बोटानं पेन कसाबसा धरला आणि सूचकाच्या जागी सही केली: जीवराम तोताराम.

"पडशी तू," ते म्हणाले.

"पडू द्या की, आबा!" मला हसू आवरेना, रडूही.

आम्ही दोघं जीप गाठून पाचोऱ्याला पळालो. तीनला वीस मिनिटं कमी असताना साहेबांनी अर्ज घेतला. मी कचेरीच्या पायरीवर टुणकन उडीच मारली.

आबा मात्र गंभीर. "त्या शिपाईले पत्र लिख."

"काय लिहू?"

"लिख, आमना गावमा बी आजपासून भांडणं सुरू."