आत्याबाईंना कृष्णेशी भांडायचं होतं

आत्याबाईंची सहल ठरवायला आमच्या घरात व्हॉट्सॲप ग्रुप काढला होता. नाव 'आत्या ट्रिप'. त्यात घरातले झाडून सगळे होते, फक्त आत्याबाई नव्हत्या. त्यांच्याकडे फोनच नाही, आणि त्यांना तोंडी विचारावं एवढी उसंत कुणाला नव्हती.

आत्याबाई म्हणजे माझ्या नवऱ्याची आत्या, अंजना. आई गेल्यावर माझा नवरा राजवर्धन आणि त्याचा धाकटा भाऊ शिवतेज या दोघांना त्यांनीच वाढवलं. आता त्यांचा डावा डोळा गेलाय. उजव्याचं सांगलीच्या डॉक्टरांनी दिवाळीत तोंडावर सांगितलं, "काचबिंदू फार पुढं गेलाय. उन्हाळ्यापर्यंत दिसेल तेवढं दिसेल. काय दाखवायचं ते दाखवून घ्या."

परतताना गाडीत राजवर्धननं विचारलं, "आत्या, काय बगायचंय तुला?"

मला वाटलं, तुळजापूर म्हणतील.

"किस्ना कुठनं निगती ते बगायचंय," त्या म्हणाल्या. "दोनदा शिरली माज्या घरात. पीठ, गोधड्या, आईचं लुगडं, समदं घिऊन गेली. तिला तोंडावर इचारायचं हाय."

"काय इचारणार?"

"ते मी आन ती बगून घिऊ."

आमचं गाव पलूस तालुक्यात, नदीला लागून. महापूर आमच्याकडं कुणाला सांगावा लागत नाही. महाबळेश्वर ते काय, सकाळी निघालं की दुपारी पोचतो. पण ग्रुप निघाला आणि सहलीत एकेकाची हौस शिरली. शिवतेज पुण्याला असतो. त्याला पोहायचा तलाव असलेला बंगला हवा. त्याच्या बायकोला, राजनंदिनीला, स्ट्रॉबेरीच्या मळ्यात फोटो हवे. पोरांना घोडे हवे. एक तारीख शिवतेजच्या ऑफिसनं खाल्ली, दुसरी पोरांच्या स्नेहसंमेलनानं. नदीचं नाव ग्रुपवर कुणी काढलं नाही. शेवटी जानेवारीतला एक रविवार ठरला.

आणि शुक्रवारी संध्याकाळी राजवर्धन पायताण काढता काढता म्हणाला, "टोळी आली. उद्यापासनं आपली तोड. म्हाबळेश्वर रद्द."

टोळी म्हणजे कारखान्यानं पाठवलेली ऊसतोड माणसं. आपली पाळी आली की तोड घ्यायचीच. चुकवली तर पुन्हा कधी येतील ते त्यांच्या मुकादमालाही सांगता येत नाही आणि उभा ऊस वाळत जातो. हे मला कळतं. मी काही शहरातनं आलेली नाही, माझं माहेर कोरेगावचं. पण आत्याबाई समोरच तांदूळ निवडत बसल्या होत्या, आणि खडे सुपातच राहत होते. महिन्यापूर्वी असं होत नव्हतं.

"म्होरल्या म्हैन्यात जाऊ की," राजवर्धन म्हणाला.

"ऊस तोडायला आत्याबाईंचे डोळे लागत्यात व्हय?" मी विचारलं.

"आगं, टोळीचा चा, डायवरचं जेवाण, तू न्हाई तर कोण बगणार?"

"तुमी हायसा की. गॅस तुमाला बी पेटवता येतो."

त्यानं फोन काढून ग्रुपवर टाकलं, 'आमचं रद्द.' मग ग्रुपवर शिवतेजचा मेसेज आला. 'आमचं बुकिंग आता रद्द होत नाही. आम्ही जाऊन येतो. रविवारी दुपारी उगमावरून वहिनींना व्हिडिओ कॉल करतो. आत्याला घरबसल्या दर्शन!' खाली हात जोडलेले. त्याच्या खाली सगळ्यांचे अंगठे, आणि त्यात माझ्या नवऱ्याचाही.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. जिला सुपातला खडा दिसत नाही तिला तळहाताएवढ्या काचेत नदी दाखवणार! जिनं यांची ढुंगणं धुतली तिच्या नावानं बंगला घेतला, पोहायचा तलाव घेतला, आणि तिलाच मागं ठेवलं. लाज कशी वाटत नाही? ग्रुपवर मी काही लिहिलं नाही. लिहिलं असतं तर सासरच्या सात पिढ्या काढल्या असत्या.

मी आत्याबाईंजवळ जाऊन बसले. "रविवारी पहाटं निगू. यष्टीनं. दोघीच. चालंल?"

"लुगडं कंचं नेसू?" त्यांनी विचारलं.

रविवारी निघताना राजवर्धन दारात आडवा आला. "टोळी शेतात आन घरची बाई फिराय गेली, लोक काय म्हणतील?"

"म्हनत्याल ते म्हनू द्या," मी म्हणाले आणि आत्याबाईंचा हात धरून त्याच्या बाजूनं निघाले. मागं पातेलं आपटल्याचा आवाज आला. म्हणजे चहा ठेवला होता.

कराड, सातारा अशा गाड्या बदलत गेलो. वाटेत पूल आला की आत्याबाई विचारायच्या, "हीच का गं?" वाईला मी म्हटलं, हीच. त्या खिडकीला नाक लावून बघत राहिल्या. "वाळलीया की," एवढंच म्हणाल्या, पण राग काही उतरला नव्हता.

जुन्या महाबळेश्वरला, उगमाच्या देवळात गर्दी होती. दगडी गोमुखातून पाण्याची धार पडत होती आणि तिच्या बरोब्बर पुढं, आमच्याकडं पाठ करून, शिवतेज उभा होता. फोन धरलेला हात लांब केलेला. शेजारी राजनंदिनी त्याला, "जरा वर धरा," सांगत होती. तेवढ्यात माझ्या पिशवीतला फोन वाजला. मी तो उचलून आत्याबाईंच्या हातात दिला.

"आत्या! दिसतंय का?" त्याचा आवाज फोनमधनं आणि समोरनं एकदमच आला. "ही बघ तुझी कृष्णा! तुझ्या वतीनं आम्ही नमस्कार केलाय!"

आत्याबाईंनी फोनकडं पाहिलंसुद्धा नाही. तो परत माझ्या हातात दिला. "न्हाई दिसत."

"थांब, रेंज नसेल. आता?"

"न्हाई."

भिंत चाचपत त्या पुढं गेल्या. अगदी त्याच्या मागं जाऊन उभ्या राहिल्या आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"आता दिसंल," त्या म्हणाल्या. "तू तेवडा बाजूला हो."

शिवतेज वळला. फोन धरलेला हात खाली आला. मग तो बाजूला झाला. आत्याबाई वाकल्या, धारेखाली हात धरला आणि पाण्याशी बोलायला लागल्या.

"वहिनी, मागं रांग लागलीय," राजनंदिनी पुटपुटली.

"लागू दे," मी म्हणाले. आत्याबाईंचं बोलून होईपर्यंत मी कुणालाही मध्ये येऊ दिलं नाही.