दर दुसऱ्या शुक्रवारची शिडी

मित्रांनो, मी एक जुनी सागवानी शिडी आहे. चेन्नईत टी. नगरमध्ये, साड्यांच्या मोठ्या दुकानांच्या मागच्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावरच्या एका घरात मी राहते. माझ्या अंगावर चुन्याचे डाग आहेत, रंगाचे थेंब आहेत. तुम्ही मला पाहिले तर म्हणाल, ही अजून इथे कशाला? मलाही कधी कधी तसेच वाटायचे.

माझा जन्म याच शहरातल्या जॉर्ज टाउन बाजारातला. लग्नपत्रिका विकणाऱ्या एका व्यापाऱ्याने दुकानातल्या उंच फळ्यांसाठी मला सुताराकडून करवून घेतले. पुढे चार पायऱ्या, मागे दोन पाय, आणि दोन्हींना धरून ठेवणारी पितळी साखळी. पत्रिका काढायला दिवसातून पन्नास वेळा तरी कोणी ना कोणी माझ्यावर चढे. पंधरा वर्षे तिथे गेली. मग दुकानात लोखंडी कपाटे आली आणि मी कोपऱ्यात गेले. त्याच सुमारास नारायणस्वामी नावाचे रेल्वेतले कारकून मुलाच्या लग्नाच्या पत्रिका न्यायला आले. तंजावरकडचे मराठी गृहस्थ. त्यांनी माझी एक पायरी हाताने दाबून पाहिली आणि मालकाला म्हणाले, ही मला द्या. पत्रिका आणि मी एकाच सायकलरिक्षातून त्यांच्या घरी गेलो. पत्रिकेवर वधूचे नाव होते विद्यालक्ष्मी.

म्हणजे ती आणि मी एकाच महिन्यात या कुटुंबात आलो.

मित्रांनो, माझी खरी कामाची वर्षे ती. नवरात्रात पायऱ्यांवर मांडायच्या बाहुल्या माळ्यावरून उतरवायच्या, त्या कागदात गुंडाळून परत ठेवायच्या. पोंगलच्या आधी भोगीला सारे घर खालीवर करायचे. आणि महिन्यातून दोनदा पंखे पुसायचे. विद्यालक्ष्मी शाळेत गणित शिकवत असे. रविवारी पदर खोचून, ओले फडके खांद्यावर टाकून ती माझ्यावर चढे. गल्लीत बसची धूळ फार. ती म्हणे, जमीन कोणीही पुसते, पंख्याच्या पात्याची वरची बाजू पाहावी म्हणजे घर कळते. शेजारणी मला मागून नेत आणि परत आणून देताना म्हणत, शिडी असावी तर अशी. मला फार बरे वाटे. तिचा मुलगा विश्वेश माझ्या दुसऱ्या पायरीवर बसून पाढे म्हणायचा आणि चुकला की खालच्या पायरीवर उतरायचा. तो नियम त्याच्या आईचा.

वर्षे गेली. विश्वेश बंगळूरला नोकरीला गेला. घरातली मोठी माणसे एकेक करून गेली, विद्यालक्ष्मीचे यजमानही गेले. ती चौऱ्याहत्तर वर्षांची झाली, आणि माझ्या तिसऱ्या पायरीची खुंटी वाळून सैल झाली. तिलाही मधूनच चक्कर येऊ लागली. आम्हा दोघींनाही ते ठाऊक होते. बोलणार कोण?

एकदा चक्कर येऊन ती स्वयंपाकघरात बसूनच राहिली. शेजाऱ्यांनी विश्वेशला कळवले. तो आला आणि त्याने दोन वाटा ठेवल्या. एक तर आईने हे घर बंद करून त्याच्याबरोबर बंगळूरला चलायचे. नाही तर सफाईच्या कंपनीची माणसे दर दुसऱ्या शनिवारी येतील, सगळे घर साफ करतील, आणि आईने कशावरही चढायचे नाही. चढल्याचे कळले तर घराला कुलूप लागेल. तिने दुसरी वाट घेतली. शिडी भंगारवाल्याला देऊन टाक, असे तो जाताना सांगून गेला. नंतर फोनवर त्याने विचारले तेव्हा ती म्हणाली, हो, दिली म्हणून समज. खरे तर तिने मला बाल्कनीत तांदळाच्या पिंपामागे उभे केले आणि वर एक चादर टाकली.

पहिल्या शनिवारी कंपनीकडून पूंगोदै आली. चाळिशीची, निळा गणवेश, पाठीवर धूळ ओढणारे यंत्र, काखेत ॲल्युमिनियमची हलकी शिडी. चादरीच्या फटीतून मी त्या चकचकीत शिडीकडे पाहिले आणि मनात म्हटले, संपले आपले.

पण माझे काम संपले नव्हते. आदल्या दिवशीच मी बाहेर निघाले होते. परकी बाई येऊन आपल्या घरची धूळ पाहणार, हे विद्यालक्ष्मीला सहन होईना. म्हणून सफाईवाली येण्याआधी तिने स्वतःच सफाई करून टाकली. पंखे, माळा, खिडक्यांच्या जाळ्या, सगळे. शुक्रवारी जळमटे काढू नयेत असे तिच्या सासूबाईंनी शिकवले होते. पण लाज त्या नियमाहून मोठी निघाली. तेव्हापासून दर दुसऱ्या शुक्रवारी मी पिंपामागून निघू लागले आणि शनिवारच्या आत परत जाऊ लागले. मला आनंद होत असे, हे मी कबूल करते. कोणाला तरी आपण हवे आहोत, या आनंदात मी माझी सैल खुंटी विसरले. ती माझी चूक होती.

असे चार महिने चालले. मग एका शुक्रवारी, बैठकीतल्या पंख्याचे एक पाते पुसून झाले आणि ती दुसऱ्याकडे वळली, तोच माझी तिसरी पायरी तिच्या पायाखाली फिरली. तिने कपाटाची कड धरली. माझी साखळी ताणली, पण तुटली नाही. ती कशीबशी उतरली आणि जमिनीवर बसली. फडके पंख्यावरच लोंबत राहिले होते. ते तिने काठीने खाली ओढले, मला पिंपामागे ढकलले, आणि वर चादर ओढली.

शनिवारी पूंगोदै आली. सफाईच्या आधी आणि सफाईनंतर प्रत्येक खोलीचा फोटो काढून ऑफिसला पाठवायचा, असा कंपनीचा नियम आहे. तिने पंख्याकडे फोन धरला आणि तो तसाच खाली घेतला. दोन पाती धुळीने करडी, एक पाते आरशासारखे.

तमिळमध्ये ती म्हणाली, "अम्मा, तुमचा पंखा एकाच हाताला आंघोळ घालतो वाटतं."

विद्यालक्ष्मी हसली नाही. मग पूंगोदै स्टुलावर बसली आणि तिने सगळे सांगितले. या घरचे आधीचे आणि नंतरचे फोटो नेहमी सारखेच निघत होते. पूंगोदै काम न करताच फोटो पाठवते, असे ऑफिसला वाटत होते. सोमवारी तिला बोलावले होते. बहुधा कामावरून काढण्यासाठीच. घर आधीपासूनच स्वच्छ असते, असे तिने सांगून पाहिले होते. मग पैसे देऊन तुला कशाला बोलावतात, असे विचारून ते हसले होते.

मित्रांनो, त्या क्षणी खोलीत काय चालले होते ते मला बाल्कनीतूनही कळत होते. विद्यालक्ष्मीने ऑफिसला खरे सांगितले तर पूंगोदैचे काम वाचणार होते. पण कंपनीशी बोलणे विश्वेशच्या नावाने होते. ऑफिस त्यालाच विचारणार. आणि त्याला कळले की हे घर बंद.

तिने पंख्याच्या त्या एका पात्याकडे पाहिले. मग तिने फोन उचलला आणि ऑफिसच्या आधी मुलालाच लावला.

"विश्वेश, मी तुला लबाड बोलले," ती म्हणाली. "शिडी कुणाला दिली नाही. अस्की पंखे मीच पुसते." आमच्या घरी तंजावरची जुनी मराठी बोलतात. अस्की म्हणजे सगळे. "काल पडता पडता वाचले. पूंगोदैचा काही दोष नाही. तेवढं तू ऑफिसला सांग."

पलीकडून तो इतकेच म्हणाला, "सामान बांधून ठेव. मी उद्या येतो."

तिने सामान बांधले नाही. रविवारी सकाळच्या गाडीने विश्वेश आला तेव्हा ती नेहमीसारखी कॉफी गाळत होती. त्याने बाल्कनीत येऊन माझ्यावरची चादर काढली, माझी तिसरी पायरी हलवून पाहिली आणि त्याचा चेहरा उतरला. तो रागावला नाही. तेच जास्त कठीण होते.

तेवढ्यात बेल वाजली. पूंगोदै होती. विश्वेश येणार हे तिला कालच कळले होते. सुट्टीचा दिवस, अंगावर गणवेश नाही, साधी जांभळी साडी. ती आत आली आणि दाराशीच उभी राहून विश्वेशशी बोलली.

"सर, अम्मांना बसवून ठेवाल तर त्या तुमच्याकडेसुद्धा चढतील. तिथे तर मी नसेन. त्यांना काम द्या. उभ्या उभ्या त्यांचा हात पोचेल तिथपर्यंत घर त्यांचं. त्याच्या वरचं माझं. आणि माझ्या भागातल्या धुळीला दोन आठवडे त्यांनी हात लावायचा नाही."

"आणि लावला तर?" विश्वेशने विचारले.

"तर मी तुम्हाला सांगेन. मला माझं काम हवंय."

विद्यालक्ष्मीने कॉफीचा पेला आधी तिच्या हातात दिला. विश्वेश म्हणाला, पोंगलपर्यंत बघू. त्याने तिथूनच कंपनीच्या माणसाला फोन करून खरे काय ते सांगितले. सोमवारी ऑफिसने पूंगोदैला परत कामावर पाठवले. त्याशिवाय विद्यालक्ष्मीने ऑफिससाठी स्वतःच्या हाताने एक पत्रही लिहून दिले, शाळेत मुलांना दाखला देत असे तसे, सहीसकट.

माझे काय करायचे? विश्वेशने सुतार बोलावला. त्याने माझ्या वरच्या दोन पायऱ्या कापल्या, मागचे पाय तेवढेच आखूड केले आणि खालच्या दोन पायऱ्यांना नवे खिळे ठोकले. मला दुखले नाही असे मी म्हणणार नाही. पण आता माझ्यावरून कोणी पडणार नाही.

पोंगल होऊन गेला. कुलूप लागले नाही. शनिवारी पूंगोदै आपल्या चकचकीत शिडीवर चढते आणि विद्यालक्ष्मी खाली माझ्यावर बसते, बादली घेऊन. पहिले काही शनिवार ती पंख्याकडे पाठ करून बसली, कारण ती धूळ तिला बघवत नव्हती. आता बघते. वरून काळे फडके येते, ती ते पिळते, स्वच्छ फडके वर देते. वरच्या बाजूने पुसलंस का, असे विचारते. पूंगोदै म्हणते, अम्मा, माझ्या भागात बोलायचं नाही. मग दोघी हसतात.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखी एखादी जुनी शिडी किंवा डगमगणारे स्टूल असेल. एकदा त्याची प्रत्येक पायरी हाताने दाबून पाहा. तुम्ही घरी नसताना त्यावर कोण चढते, तेही प्रेमाने विचारा. आणि तुमच्याकडे कोणी मदतीला येणार असेल, तर आदल्या दिवशी सगळे लपवून टाकू नका. थोडी धूळ त्यांच्यासाठी राहू द्या.