पत्र येण्याआधी

सकाळी सहापासून मनीषनगर आणि प्रतापनगरातली अकरा घरं करून मेघा लॅबमध्ये परतली, तेव्हा तिचे खांदे भरून आले होते. घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घ्यायचं हे काम ती नऊ वर्षं करत होती. आताशा म्हाताऱ्या माणसांच्या हाताची शीर शोधताना तिचेच डोळे मिटायला लागत.

भिवापूरला, माहेराजवळच्या एका दवाखान्यात तिची निवड झाली होती. पण ती तोंडी. पत्र अजून यायचं होतं.

"काहून सांगतं लॅबवाल्यायले आत्ताच?" नवरा, प्रशिक, चहा गाळता गाळता म्हणाला होता. "प्रेमानंदनं सांगितलं, तं काय झालं?"

प्रेमानंद तिच्याच लॅबमधला. त्यानं इमानदारीनं महिनाभर आधी सांगितलं आणि दुसऱ्याच दिवशी वरच्यांनी त्याला घरी बसवलं. तेव्हापासून सगळ्यांनी तोंड शिवून घेतलं होतं. मेघानंही.

नमुन्यांची पेटी खाली ठेवते न ठेवते तोच मॅनेजर शालिकराम सरांनी तिला आत बोलावलं.

"मेघा, नवीन सेंटर उघडून राहिलं. इनचार्ज म्हणून तुहं नाव पाठवतो. वरचे पिंकीचं म्हणत होते. मी भांडलो."

तिच्यासाठी आजवर कुणी भांडलं नव्हतं. काचेपलीकडे पिंकी नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होती. नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी निभावलं असतं. पण तेवढं खोटं वागवत फिरायचीही ताकद मेघात उरली नव्हती.

"सर, पिंकीचंच पाठवा. मी नोकरी सोडून राहिली. भिवापूरले लागलं माहं."

सरांनी चष्मा काढून डोळे चोळले. "पत्र आलं?"

"नाही."

"मंग काहून बोलली वं?" आवाजात राग नव्हता, थकवा होता. उठून त्यांनी दार लोटलं. "मले तू काहीच सांगितलं नाही. घरच्या अडचणीनं नाही म्हणते, एवढंच वर कळवतो. पत्र हातात आलं का मंग सांगजो."

"आन् नाहीच आलं तं?"

"तं सकाळची घरं आहेतच."

पत्र यायला दोन महिने लागले. तोवर मेघा रोज सहाला निघत राहिली. नव्या सेंटरकडची घरंही तिच्याच वाट्याला आली, आणि यादी आता इनचार्ज झालेली पिंकी बनवू लागली. एके दिवशी यादीत चौदा नावं होती.

"जमंल ना ताई?" पिंकीनं मान वर न करता विचारलं.

मेघानं पेटीत बर्फाच्या पिशव्या भरल्या आणि गाडी सुरू केली.