तीस लाख वेळा

दोष काकाचा. पुढे कुणाला त्याच्या पांढऱ्या केसांची कीव येईल, म्हणून आधीच सांगते.

मी कृत्रिम पायांच्या नळ्या तपासणारी मशीन. गुडघ्याखाली बसते ती नळी माझ्या जबड्यात उभी धरतात आणि मी ती दाबते, सोडते, दाबते, सोडते. सेकंदाला तीनदा. तीस लाख वेळा दाबून टिकली की तशाच नळ्या माणसांना लावायच्या. माणूस कित्येक वर्षं चालेल तेवढं मी बारा दिवसांत चालते, तेही जागच्या जागी.

किती दाबायचं ते माझ्या हातात नाही. पडद्यावरच्या चौकटीत भराल ते मुकाट करायचं. मध्य किती, झोका किती, किती वेळा.

काकाने माझ्याआधीच्या मशीनवर वीस वर्षं काढलेली. तिला मध्यापासून एका बाजूचाच झोका सांगायचा असे. मला खालच्या टोकापासून वरच्या टोकापर्यंतचा अख्खा लागतो. माझ्या पुस्तकात हे ठळक लिहिलंय. त्या पुस्तकावर काका चहाचा कप ठेवायचा.

दहा किलोपासून एकशे तीसपर्यंत दाबायचं होतं. मध्य सत्तर, झोका एकशेवीस. काकाने सवयीने साठ भरले. झालं, मी चाळीस ते शंभरच्या मध्ये नळीला कुरवाळत बसले.

पुतण्याच्या ते लक्षात आलं. अपघातात त्याचा डावा पाय गुडघ्याखाली गेलेला, त्यातच कॉलेज सुटलेलं, नोकरी काकाच्या शब्दावर लागलेली. तो म्हणाला, "काका, दाब शंभरच्या वर जातच नाहीये."

"कॉलेज अर्ध्यावर टाकलंस, आता मला शिकव."

"पुस्तकात बघा ना एकदा."

"तुला नाक पुसता येत नव्हतं तेव्हापासून भरतोय मी हे आकडे."

पुतण्याचा हात माझ्या लाल बटणापर्यंत आला. दाब रे बाबा, दाब. मला तोंड नाही, पडदा आहे. त्यावर मी बारा दिवस 'कमाल १००' दाखवत होते. हात मागे गेला. तेराव्या दिवशी 'तपासणारा' या रकान्यापाशी काका म्हणाला, "कर सही. घरचाच आहेस." त्याने केली.

थोरल्यांच्या चुका अशाच टिकतात, धाकट्यांच्या सह्यांवर.

पुढे त्याचा जुना पाय झिजला. काकाने मोठ्या मनाने आपल्याच कारखान्याचा नवा बसवून दिला, त्याच्या आईच्या देखत. आईचे डोळे भरून आलेले. आता नको म्हणणार कसा? दुसऱ्या दिवशी तो माझ्यासमोर स्टुलावर बसला, नळीवर टिचकी मारून म्हणाला, "हिला तूच पास केलंस ना गं?"

दहाव्या महिन्यात जिना उतरताना नळी मोडली.

त्याने साहेबांना सगळं सांगितलं. काका शांतपणे म्हणाला, "मग सही का केलीस?" विकलेले पाय परत मागवायची साहेबांचीही तयारी नव्हती. विषय मिटला.

आज माझ्या जबड्यात नवी नळी आहे. काकाने पुन्हा साठच भरलेत. एकशेवीस भरणं म्हणजे चूक कबूल करणं. नऊ लाख झाले, एकवीस लाख बाकी आहेत. इथून जाणाऱ्या कुणीतरी पडदा वाचा हो. वाचलात तर काका, मामा, साहेब कुणाकडे बघू नका, बटण दाबा.

पुतण्याची नोकरी गेली. त्याचा चांगला होता तो उजवा गुडघा आता वाकत नाही.