हरिसिंग सरांचा राग

"सर, कुऱ्हाड जपून! आमच्या अंगावर येईन!" मागच्या बाकावरून आवाज आला आणि दहावीचा वर्ग हसला.

'फ्लाय ऑफ द हँडल' हा इंग्रजी वाक्प्रचार शिकवायचा म्हणजे फुलसावंगीच्या शाळेत हरिसिंग राठोड सर घरून खरी कुऱ्हाड आणत आणि तिचा ढिला दांडा हलवून दाखवत. "घाव घालता घालता पातं निसटते अन् कुठंबी जाऊन पडते. माणसाचंबी तसंच. एकदम भडकला, ताबा सुटला, की इंग्रजीत असं म्हणते. पण ध्यानात ठेवा, कारण बारीक अन् राग मोठा, तवाच हे वापराचं. म्हणणाऱ्यानं त्या माणसाची चूक आधीच ठरवलेली असते."

"तुमी कवा भडकले, सर?"

"आपल्याले जमतच नाही ते," सर म्हणाले, आणि ते खोटं नव्हतं.

सरांच्या तांड्यावर भांडणांचा दुष्काळ कधी पडला नाही. बांध, बकऱ्या, सासू-सून, काहीही असो, तांड्याचे प्रमुख, म्हणजे नायक, आधी सरांना बोलावणं धाडत. सर मधे बसले की दोन्हीकडचे आवाज आपोआप खाली येत. त्यांच्या बायकोला, हंसाबाईला, मात्र याचाच संताप यायचा. "जगाचे भांडणं मिटवता, सोतासाठी कधी तोंड उघडत नाही," ती म्हणायची. सर हसायचे. हसणाऱ्या नवऱ्याशी बाई भांडणार तरी कशी?

त्याच आठवड्यात रविवारी त्यांच्या मुलीची, अंजूची, सोयरीक होती. त्यांच्या तांड्याचा रिवाज असा, की पंचांसमोर गूळ वाटायचा आणि शेवटचा खडा नायकाने तोंडात घातला की नातं पक्कं. मग माघार नाही. म्हणून बोलणी आधी उरकतात, गूळ मागून फिरतो. पण सरांच्या घरचं कार्य, तिथे कसला वाद, या भरवशावर त्या दिवशी गुळाची परात आधीच फिरू लागली.

अंजू यवतमाळला नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होती. शिक्षण पुरं होऊ देऊ, असं मुलाच्या बापाने, खेमसिंगने, कबूल केलं होतं. आता गूळ चघळत तो सहज म्हणाला, "मास्तर, पोरीचं नाव काढून घ्या कालेजातून. कापसाले भाव नाही, वेचाले बाया भेटत नाही. घरचाच हात पाहिजे."

माणूस वाईट नव्हता. त्या वर्षांत कापसाने भल्याभल्यांना दिलेला शब्द फिरवायला लावला होता.

"तुमी तं शिकवतो म्हणलं होतं," सर हळूच म्हणाले.

"म्हणलं होतं. पण तुमी समजदार माणूस. तुमी काहून नाही म्हणसान?"

सगळी बैठक सरांकडे बघत माना डोलवू लागली. नायकाने खडा उचलला. दारात उभ्या असलेल्या अंजूने बापाकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घातली. बा आता हसणार, हे तिलाही ठाऊक होतं.

परात अंगणात उलटी पडली, तेव्हा ती कोणी भिरकावली हे क्षणभर कोणाला कळलंच नाही. "थुका तो गूळ!" सर ओरडत होते. "थुका म्हणतो ना! माही पोरगी कोणाच्या वावरातली मजूर नाही!" त्यांनी खेमसिंगची गचांडी धरली, नायकाच्या हातातला खडा हिसकावला. आवाज चिरकत होता. ओरडायची सवय नव्हती बिचाऱ्याला.

पाहुणे न जेवता गेले. निघताना नायक म्हणाला, "येवढ्याशा गोष्टीसाठी, सर? तुमी?"

सर उकिडवे बसून मातीतला गूळ वेचत होते. "गुळाची माफी मागतो, नायक," ते म्हणाले. "बाकी कोणाची नाही."

अंजू दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने यवतमाळला गेली.

होळीच्या सुमारास तांड्यावर दोन भावांत जुंपली. आरडाओरडा सरांच्या ओसरीपर्यंत येत होता. सरांनी धुतलेला सदरा अंगात घातला, चपला घातल्या आणि ते दारात उभे राहिले. नायकाचा माणूस समोरून आला, राम राम केला आणि दुसऱ्या कोणाला बोलवायला पुढच्या घराकडे निघून गेला.

हंसाबाई आतून बघत होती. तिला फार वाईट वाटलं आणि नवऱ्याचा अभिमानही वाटला. तिने दोन्ही गिळलं. "बसा न," ती म्हणाली, "चहा टाकते."

सर खाटेवर बसले. सदरा मात्र त्यांनी काढला नाही. तिकडचं भांडण मिटेपर्यंत ते तसेच बसून राहिले, कान तिकडे लावून.