गोटी थांबत नाही तेव्हा

मी एक जुनी लाकडी उतरण आहे, मित्रांनो. पाच हात लांब आणि वीतभर रुंद. त्याआधी मी एका कपाटाचे दार होते, पण त्या जन्मातले मला फारसे आठवत नाही. आठवते ती एका विज्ञान संस्थेच्या तळमजल्यावरची सुतारशाळा, खिडकीतून तिरपे येणारे दुपारचे ऊन आणि त्या उन्हात तरंगणारा भुसा.

मला घडवले तिथल्या सुतारमामांनी, आणि घडवून घेतले तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी. बाईंकडे ना यंत्र होते ना दुर्बीण. कागद, खडू आणि डोके एवढ्या सामानावर त्या विश्वाच्या बालपणाचे गणित मांडत. एक दिवस त्या खाली आल्या, स्टुलावरचा भुसा झटकून बसल्या आणि आपल्याला काय हवे आहे ते मामांना सांगू लागल्या. रंध्याखाली पडल्या पडल्या मीही ऐकत होते.

हिग्ज नावाचा एक कण आहे. हिशोबाने त्याचे वस्तुमान अफाट असायला हवे होते. प्रत्यक्षात ते अगदीच बेताचे निघाले. असे का? बाई म्हणाल्या, समजा, विश्व तान्हे असताना चुंबकाभोवती असते तसे एक अदृश्य क्षेत्र सगळीकडे पसरलेले होते. ॲक्सिऑन नावाचा एक कण अजून कुणाला सापडलेला नाही, त्याच्या भाऊबंदांपैकी ते एक. त्याचे मूल्य जणू एका लांबलचक उतारावरून घरंगळत होते. जसजसे ते खाली येई, तसतसे हिग्जचे वस्तुमान घटत जाई. ते वस्तुमान शून्यापाशी पोचले की हिग्ज जागा होई, म्हणजे त्याचा प्रभाव सगळीकडे पसरू लागे, आणि तो जागा झाला की गुळगुळीत उतारावर उंचवटे येऊ लागत. आधी बारीक, मग मोठे. त्या उंचवट्यांत क्षेत्र अडकले, आणि हिग्ज हलकाच राहून गेला.

मामांनी रंधा उचलला. मग त्यांनी माझा वरचा अर्धा भाग आरशासारखा गुळगुळीत केला. खालच्या भागावर आडव्या पट्ट्या चिकटवल्या. पहिली नखाएवढी, पुढची प्रत्येक तिच्याहून जरा उंच. क्षेत्राच्या जागी एक निळी काचेची गोटी आली.

दुसऱ्या दिवशी बाईंचे मोठे व्याख्यान होते. इतरांनी आधी केलेल्या मूळ मांडणीत त्या क्षेत्राला फुगत्या विश्वाचा ब्रेक लागतो, आणि म्हणून त्याला खाली यायला कल्पनेपलीकडचा वेळ लागतो. बाईंनी चार वर्षे खपून दाखवले होते की ब्रेकची गरजच नाही, नुसते उंचवटे पुरतात. त्या जोरावर नव्या गटाचे प्रमुखपद त्यांनाच मिळणार, असे सगळे धरून चालले होते.

मामांनी गोटी सोडली. ती सळसळत आली, टक टक टक करत सगळ्या पट्ट्या ओलांडून गेली आणि भुशात पडली. पुन्हा सोडली. पुन्हा भुशात.

बाईंनी पट्ट्या उंच करायला सांगितल्या.

मामांनी पेन्सिल कानामागे खोचली. "करतो की. घटकाभराचं काम. पण मग गोटी थांबली, ती तुमच्या गणितानं थांबली की माझ्या पट्ट्यांनी?"

बाईंना ते लागले. लाकडाच्या फळीवरून विश्व सिद्ध होत नसते, असे त्यांनी सुनावले. मामांनी ते मान्यच केले. वाद न घालता त्यांनी एक लोकरी कापड आणले आणि पट्ट्यांच्या खाचांतूनही दाबून माझ्या अंगावर बसवले. आता गोटी झोपेत चालल्यासारखी आली. तिसऱ्या पट्टीपाशी डुलली, थोडी मागे झुकली आणि निवांत झाली. मित्रांनो, सगळे विश्व आपल्या मांडीवर झोपी गेल्यासारखे मला वाटले.

"हिला कुणीतरी आवरायला हवं, बाई," मामा एवढेच म्हणाले.

बाईंनी प्लायवुडचा एक तुकडा ओढला, मामांची पेन्सिल घेतली आणि लिहायला सुरुवात केली. ऊन खिडकीतून सरकत करवतीच्या टेबलापर्यंत गेले, तेव्हा पेन्सिल थांबली. ब्रेक काढून टाकल्यावरही एका पायरीवर त्यांनी वेग मात्र ब्रेक असतानाचाच धरला होता. चार वर्षांत ते ना त्यांना दिसले होते, ना त्यांचे गणित तपासणाऱ्यांना.

उद्या काय करणार, असे मामांनी हळूच विचारले.

"दोन्ही दाखवणार," बाई म्हणाल्या. "कापडाशिवाय, आणि कापडासकट."

त्यांनी तसेच केले. भरल्या सभागृहात गोटी जमिनीवर पडली, लांब घरंगळत गेली, आणि आपली चूक झाली असे बाईंनी सांगितले. प्रमुखपद दुसऱ्याला मिळाले. कौतुक झाले ते माझे! शाळेची मुले यायची, गोटी सोडायला रांगा लावायची. तिकडे बाई सहा वर्षे नवा ब्रेक शोधत राहिल्या. शेवटी त्यांना एक वाट दिसली. घरंगळता घरंगळता ते क्षेत्र स्वतःतूनच बारीक कण सोडत जाते, आणि त्यात त्याचा वेग ओसरतो.

मग भिंतीवर मोठा पडदा आला. त्यावरच्या चित्रातली गोटी कधीच पडत नसे. मी अडगळीच्या खोलीत गेले. कापडाला कसर लागली, दोन पट्ट्या निखळल्या. मामा निवृत्त झाले. कुणी माझ्यावर मोडके पंखे ठेवले. त्या अंधारात मी एकच स्वप्न पाहत असे, की कुणीतरी वरून गोटी सोडली आहे आणि ती अजून येतेच आहे.

निवृत्तीच्या आदल्या आठवड्यात बाईंनी मला शोधून काढले. स्वतः पुसले आणि मामांच्या घरी नेले. मामांची दृष्टी गेली होती. त्यांनी माझे खालचे टोक मांडीवर घेतले आणि बोटांनी पट्ट्या मोजल्या. निखळलेल्या जागी बोट थबकले.

"मग, तुमचं ते खरं निघालं का?"

"अजून कुणालाच कळलेलं नाही, मामा."

मामांनी मान डोलावली. "बरं. मग दोन पट्ट्या बसवून ठेवू. पुढं कुणाला तरी लागेल."

बाईंनी डिंक लावला. मामांनी चाचपून पट्टी सरळ केली आणि ती घट्ट बसेपर्यंत अंगठ्याने दाबून धरली. मित्रांनो, जी वस्तू तुमची चूक तुमच्या समोर ठेवते, तिला अडगळीत टाकू नका. तिला कोरडे ठेवा, निखळले असेल ते चिकटवा. तिचे काम संपले की नाही, हे आपल्याला अजून ठाऊक नसते.